हृदयविकाराचा झटका आणि ध्वनिलहरी : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयावरची आहेत, आणि ती जवळजवळ सगळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतून आली आहेत. ‘हार्ट ॲटॅक आल्यावर सोनोग्राफीच्या लहरींनी ब्लॉकेज उघडते, अँजिओप्लास्टीची गरज उरत नाही’ असा मजकूर अनेकांच्या मोबाइलवर फिरत असल्याचे या पत्रांवरून कळले. या वाक्याचा पहिला भाग खऱ्या आणि आशा वाटावी अशा संशोधनावर आधारलेला आहे. दुसरा भाग चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबून कोणी घरी थांबले तर ते जिवावर बेतेल. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयाला देत आहे.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला गेल्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला, ‘नस पूर्ण उघडली’ असे सांगण्यात आले. तरीही त्याच्या हृदयाचे पंपिंग ३५ टक्क्यांवरच राहिले आहे. नस उघडली तर हृदय का सुधारले नाही? ध्वनिलहरींच्या उपचाराने काही वेगळे घडले असते का? (एक केळी उत्पादक, यावल तालुका)

उत्तर : आपण केळी लावता, तेव्हा ठिबकचेच उदाहरण घेतो. सबमेनमध्ये, म्हणजे बारीक नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या मोठ्या नळीत, गाळ अडकला की पुढच्या सगळ्या नळ्या कोरड्या पडतात. तो गाळ काढला की नळीत पाण्याचा दाब पुन्हा दिसू लागतो. पण गाळाचे बारीक कण पुढे वाहत जाऊन ड्रिपरच्या छिद्रांत बसले असतील, तर नळी भरलेली असूनही झाडाच्या बुंध्याशी थेंब पडत नाही. हृदयातही असे घडते. हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या मुख्य धमन्या साधारण ३ ते ४ मिलिमीटर व्यासाच्या असतात, आणि अँजिओप्लास्टीतील बलून (फुगा) व स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) यांचे काम त्यांच्यापुरतेच चालते. तिथून फाटे फुटत फुटत रक्त ज्या केशवाहिन्यांपर्यंत जाते, त्यांचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. गुठळीचे सुटलेले तुकडे, सुजलेल्या पेशी, चिकटून बसलेल्या पांढऱ्या पेशी आणि आखडलेल्या सूक्ष्म वाहिन्या यांच्यामुळे मुख्य धमनी उघडल्यानंतरही स्नायूच्या आत रक्त पोहोचत नाही, असे काही रुग्णांत होते. अँजिओग्राफीच्या चित्रात धमनी सुंदर दिसते आणि स्नायू मात्र उपाशीच राहतो.

दुसरे कारण वेळेचे आहे, आणि येथे ठिबकची उपमा अपुरी पडते. केळीचा बाग दोन दिवस पाण्यावाचून तग धरतो. हृदयाच्या स्नायूला तेवढी सवड नसते. रक्तपुरवठा पूर्ण थांबल्यापासून २० ते ३० मिनिटांनी स्नायू कायमचा मरू लागतो. आधी आतला थर जातो, मग ही हानी तासागणिक बाहेरच्या थराकडे सरकते. मेलेल्या स्नायूच्या जागी पुढे घट्ट व्रण तयार होतो आणि तो आकुंचन पावत नाही. आपल्या भावाच्या बाबतीत यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती होता, हे त्यांचे कागद पाहिल्याशिवाय सांगणे योग्य होणार नाही.

आता ध्वनिलहरींकडे वळू. ज्या यंत्राने टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात, त्याच यंत्राचा आणि छातीवर टेकवायच्या त्याच प्रोबचा यात उपयोग केला जातो. फरक एवढाच की रुग्णाच्या हातातील शिरेतून सलाईनबरोबर अतिसूक्ष्म बुडबुडे सोडले जातात. हे बुडबुडे काही मायक्रोमीटरचे, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशीएवढे किंवा तिच्याहूनही लहान असतात. यंत्र कमी तीव्रतेवर ठेवले की ते पडद्यावर चमकतात. जिथे रक्त पोहोचले आहे तो स्नायू पांढुरका उजळतो आणि जिथे पोहोचलेले नाही तो भाग काळा राहतो. झटका आलेल्या हृदयाचा तो काळा पट्टा पडद्यावर एकदा पाहिला की विसरता येत नाही. ही स्थिती दिसताच त्या भागावर काही क्षण जास्त तीव्रतेचे छोटे छोटे स्पंद सोडतात. त्या स्पंदांनी बुडबुडे जोरात फुगतात, आकसतात आणि फुटतात. गुठळीला लागून असलेला बुडबुडा फुटतो तेव्हा त्याच्याभोवतीच्या द्रवाचा अतिसूक्ष्म फवारा गुठळीवर आदळतो आणि तिच्या जाळ्याला खड्डे पडतात. शिवाय बुडबुड्यांच्या या हालचालीने वाहिन्यांच्या अस्तरावर ताण येऊन नायट्रिक ऑक्साईडसारखे द्रव्य सुटते, आणि आखडलेल्या सूक्ष्म वाहिन्या सैल होतात. मग काही सेकंद थांबून नवे बुडबुडे येऊ द्यायचे आणि पुन्हा स्पंद सोडायचे, असे हे काम चालते. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर हा उपचार सबमेन आणि ड्रिपर या दोन्हींवर एकाच वेळी काम करू पाहतो. मला त्याचे सर्वांत मोठे महत्त्व वाटते ते ड्रिपरवरच्या कामात, कारण तेथे पोहोचेल असे दुसरे साधन आपल्याजवळ फारसे नाही.

या पद्धतीचा माणसांवरचा सर्वांत लक्षणीय अभ्यास ब्राझीलमधील साव पावलो विद्यापीठाच्या हृदय संस्थेत झाला. विल्सन मथायस आणि अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे थॉमस पोर्टर यांच्या चमूने तो २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. मोठा झटका आलेल्या १०० रुग्णांपैकी ५० जणांना नेहमीप्रमाणे अँजिओप्लास्टी आणि ५० जणांना अँजिओप्लास्टीच्या आधी व नंतर ध्वनिलहरींचा हा उपचार, अशी विभागणी होती. अँजिओग्राफीसाठी टेबलावर घेतले तेव्हा ध्वनिलहरी दिलेल्या गटात ५० पैकी २४ जणांची बंद धमनी आधीच उघडलेली होती. दुसऱ्या गटात असे १० जण होते. एमआरआयमध्ये मेलेल्या स्नायूचे वजन पहिल्या गटात सरासरी २९ ग्रॅम, तर दुसऱ्यात ४० ग्रॅम भरले. सहा महिन्यांनंतर, धोकादायक ठोक्यांपासून वाचवणारे शॉक देणारे यंत्र बसवण्याची गरज पहिल्या गटात ५ टक्के, तर दुसऱ्यात १८ टक्के रुग्णांना होती.

हे आकडे उत्साहवर्धक आहेत, पण त्यांतच मोबाइलवरच्या मजकुराचे उत्तरही आहे. ५० पैकी २४ धमन्या उघडल्या, याचा अर्थ २६ उघडल्या नाहीत. ज्यांच्या उघडल्या त्यांच्याही धमनीतला अरुंद, खडबडीत भाग तसाच होता. अँजिओप्लास्टी दोन्ही गटांत झाली. ध्वनिलहरी तिला पूरक म्हणून वापरल्या होत्या, पर्याय म्हणून नव्हे. शिवाय १०० रुग्ण ही संख्या एखादी कल्पना पुढे नेण्यास पुरेशी असली, तरी गावोगाव उपचार सुरू करण्यास पुरेशी नाही.

आपल्या भावासाठी मात्र आज करण्यासारखे काही आहे. पंपिंग ३५ टक्के असल्यास दुबळ्या हृदयासाठीची सर्व योग्य औषधे पुरेशा मात्रेत सुरू आहेत का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. अँजिओप्लास्टीनंतर तीन महिने औषधे नीट घेऊनही पंपिंग ३५ टक्के किंवा त्याहून कमीच राहिले, तर मघाशी सांगितलेल्या शॉक देणाऱ्या यंत्राचा विचार करावा लागतो. वर्ष उलटले आहे, तेव्हा पुन्हा एकदा इको करून हा विषय डॉक्टरांसमोर काढण्यास उशीर करू नये.

प्रश्न : रक्तात हवेचा बुडबुडा गेला तर माणूस दगावतो, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सलाईनची नळी लावताना सिस्टर एकेक बुडबुडा टिचकी मारून काढतात. मग मुद्दाम बुडबुडे सोडणे सुरक्षित कसे? (निवृत्त शिक्षिका, अमळनेर)

उत्तर : बाई, आपली शंका रास्त आहे. जिवाला धोका होतो तो मोठ्या प्रमाणात हवा शिरली तर. ती हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि फुप्फुसाच्या धमनीत अडसर होऊन बसते आणि रक्त पुढे सरकू देत नाही. येथे वापरतात ते बुडबुडे फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतून सहज पार होण्याइतके लहान असतात, आणि सोडलेल्या वायूचे एकूण प्रमाणही अत्यल्प असते. त्यांत हवा नसते. साधी हवा रक्तात पटकन विरघळते आणि बुडबुडा हृदयाच्या डाव्या बाजूला पोहोचण्याआधीच नाहीसा होतो, म्हणून रक्तात सहजी न विरघळणारा एक जड वायू, परफ्लुट्रेन, मेदाच्या पातळ कवचात भरतात. काम झाले की हा वायू श्वासावाटे बाहेर पडतो.

हे बुडबुडे काही आजचे नाहीत. १९६८ मध्ये अमेरिकेत रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शहा यांच्या लक्षात आले की हृदयापर्यंत नेलेल्या बारीक नळीतून द्रव टोचताना त्यात निर्माण झालेले बुडबुडे इकोच्या पडद्यावर ठळक दिसतात. तेथूनच ही शाखा वाढली, आणि आज जगभर अस्पष्ट दिसणाऱ्या हृदयाची प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी असे बुडबुडे वापरले जातात.

तरीही धोका शून्य नाही. क्वचित एखाद्याला तीव्र ॲलर्जी येते, आणि ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासात येते. अशा काही घटनांनंतर २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी या द्रव्यांवर कडक इशारा छापायला लावला, आणि अधिक माहिती हाती आल्यावर पुढच्याच वर्षी तो काहीसा सौम्य केला. उपचारासाठी वापरताना आणखी एक गोष्ट पुढे आली. नेदरलँड्समधील एका अभ्यासात जास्त लांबीचे स्पंद वापरले, तेव्हा काही रुग्णांच्या हृदयधमन्या उलट आकुंचन पावलेल्या आढळल्या. ब्राझीलमधील अभ्यासात स्पंद फार आखूड होते. एकाच यंत्राचा स्पंद थोडा लांबला तर परिणाम बदलू शकतो, म्हणून हे काम घाईने रुग्णालयात आणू नये असे माझे मत आहे.

प्रश्न : मी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. आमच्याकडे ईसीजी आहे, कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची खोली) नाही. रुग्ण धुळ्याला किंवा सुरतेला पाठवावा लागतो आणि रस्त्यात तास जातात. असा उपचार ॲम्ब्युलन्समध्ये देता आला तर आमच्या आदिवासी पाड्यांतील रुग्ण वाचतील. तो आपल्याकडे कधी येईल? (शहादा तालुका)

उत्तर : सिस्टर, या महिन्याच्या सर्व पत्रांत आपला प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण या उपचाराची खरी गरज कुठे आहे हे आपण नेमके सांगितले आहे. ज्या शहरात कॅथलॅब दहा मिनिटांवर आहे, तिथे ध्वनिलहरींनी वाचणारा वेळ थोडा असतो. धडगाव किंवा अक्कलकुव्याहून निघालेल्या रुग्णाच्या वाटेवरच्या तासांत काही करता आले, तर त्याचे मोल कितीतरी जास्त आहे. पण आजवरचा सर्वांत चांगला अभ्यास मोठ्या शहरातील सुसज्ज हृदय संस्थेत झाला आहे, जिथे अँजिओप्लास्टीचे टेबल शेजारच्या खोलीत होते. घाटातल्या वळणांवर हलणाऱ्या गाडीत, प्रोब योग्य जागी धरून, पडद्यावर स्नायूचा काळा भाग ओळखून, योग्य क्षणी स्पंद सोडणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनच्या जोडीला ते किती उपयोगी पडते हे आपल्यासारख्या भागातच तपासावे लागेल. असा अभ्यास खान्देशात झाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

सावधगिरी का हवी, हेही सांगतो. बुडबुड्यांशिवाय, कमी वारंवारितेच्या लहरी छातीवर सोडून गुठळी विरघळवणाऱ्या औषधाला मदत करण्याचा प्रयत्न यापूर्वी झाला होता. सुरुवातीच्या लहान अभ्यासात तो चांगला वाटला, मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. पक्षाघाताच्या रुग्णांवर जर्मनीत अशाच कमी वारंवारितेच्या लहरींची चाचणी झाली. मेंदूत रक्तस्राव वाढल्याने ती थांबवावी लागली, आणि २००५ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. लहरींची वारंवारिता, तीव्रता आणि स्पंदाची लांबी या तीन गोष्टी बदलल्या की तोच उपचार निरुपयोगी किंवा घातकही ठरू शकतो. एक व्यवहाराची अडचणही आहे. आपल्या देशात गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यामुळे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि वापराची जागा यांवर बंधने आहेत, आणि ती रास्तच आहेत. ॲम्ब्युलन्समध्ये असे यंत्र फिरवायचे तर त्या चौकटीतच वाट काढावी लागेल.

आज हा उपचार नेहमीच्या उपचारांत मोडत नाही आणि आपण त्याची वाट पाहू नये. आपल्या हातात आहे ते साधन जुने असले तरी दमदार आहे. १९८६ मध्ये इटलीतील ११,८०६ रुग्णांच्या चाचणीत स्ट्रेप्टोकायनेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने मृत्यूचे प्रमाण १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले, आणि दुखणे सुरू झाल्यावर जितक्या लवकर औषध मिळाले तितका फायदा अधिक झाला. १९८८ च्या दुसऱ्या, १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ॲस्पिरिनच्या साध्या गोळीनेही मृत्यू जवळपास पाव हिश्श्याने कमी झाले. आता मिळणारे त्याच कामाचे टेनेक्टेप्लेज तर रुग्णाच्या वजनानुसार एकाच इंजेक्शनात शिरेतून देता येते. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हावा. त्यात एसटी (ईसीजीच्या रेघेचा एक भाग) उचललेला असेल आणि दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल, तर पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही, अलीकडे मोठी शस्त्रक्रिया किंवा इजा नाही, कुठून रक्त जात नाही, रक्तदाब आटोक्याबाहेर नाही, एवढे पाहून डॉक्टरांनी इंजेक्शन तिथेच द्यावे आणि मगच गाडी हलवावी. या इंजेक्शनाने शंभरात सुमारे एका रुग्णाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे नातेवाइकांना आधी सांगावे. पण त्या भीतीपोटी इंजेक्शन टाळून रुग्णाला तसेच पुढे पाठवणे अधिक नुकसानीचे ठरते. इंजेक्शन दिल्यानंतरही कॅथलॅब असलेल्या रुग्णालयात जायचेच असते. धमनी उघडल्याची चिन्हे दिसली तर पुढच्या ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी करतात, आणि ६० ते ९० मिनिटांत एसटी निम्म्यानेही खाली आला नाही तर लगेच.

काही वर्षांपूर्वी पहाटे आमच्या विभागात एक पन्नाशीचे शेतकरी आले. आदल्या दिवशी दुपारी कापूस वेचताना त्यांना ‘छातीमा जड वाटस’ असे झाले होते. घरच्यांनी पित्त समजून सोडा पाजला, रात्री गावातल्या दुकानातून गोळी आणली, आणि पहाटे घाम सुटून ते खाली बसले तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीत टाकून आणले. दुखणे सुरू होऊन १४ तास झाले होते. त्यांच्या ईसीजीत खोल क्यू लहरी उमटल्या होत्या, म्हणजे बराचसा स्नायू तेव्हाच गेलेला होता. ते वाचले, पण आज विहिरीच्या चार पायऱ्या चढताना त्यांना दोनदा थांबावे लागते. त्यांच्या गावाजवळच्या रुग्णालयात ईसीजी यंत्रही होते आणि इंजेक्शनही. आपल्यासारख्या सिस्टर आशाताईंच्या बैठकीत एवढेच ठसवतील, की छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात जडपणा येऊन घाम सुटला आणि तो १५ मिनिटांत गेला नाही, तर सोडा न पाजता १०८ ला फोन करावा, तर असे कितीतरी तास वाचतील. मधुमेह असलेल्यांना आणि वयस्कर बायकांना छातीत न दुखता नुसता दम लागणे, मळमळ किंवा अचानक गळून जाणे एवढेच होऊ शकते, हेही त्यांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : गुडघेदुखीसाठी मी फिजिओथेरपीच्या केंद्रात अल्ट्रासाउंडचा शेक घेतो. तोच शेक छातीवर घेतला तर ब्लॉकेज मोकळे होईल का? (पाचोरा)

उत्तर : नाही, आणि कृपया असा प्रयोग करू नये. त्या यंत्राच्या लहरी ऊतींना ऊब देण्यासाठी असतात. त्यात बुडबुडे नसतात, हृदयाचे चित्र दिसत नाही आणि स्पंद कोणत्या क्षणी, कोणत्या भागावर जातो यावर काही ताबा नसतो. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने तर असा शेक छातीजवळ घेऊच नये.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी माझी अँजिओग्राफी झाली. दोन धमन्यांत ५० ते ६० टक्के अडथळा आहे, औषधे सुरू आहेत, त्रास नाही. हा नवा उपचार आल्यावर तो करून घ्यावा का? (धुळे)

उत्तर : आपल्याला त्याचा उपयोग होणार नाही. ध्वनिलहरी आणि बुडबुडे काम करतात ते ताज्या, मऊ गुठळीवर, जी झटक्याच्या वेळी काही मिनिटांत किंवा तासांत तयार झालेली असते. आपल्या धमन्यांतील अडथळा म्हणजे वर्षानुवर्षे भिंतीच्या आत साठलेली चरबी, तंतू आणि चुना. बुडबुडे फुटून तो झिजत नाही. झटका बहुधा येतो तो या साठ्याचे पातळ आवरण फाटून त्यावर अचानक गुठळी धरते तेव्हा, आणि हे आवरण भक्कम ठेवण्याचे काम आपण रोज रात्री घेता ती स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) गोळी करत असते. त्रास नाही म्हणून ती मध्येच बंद केली जाते, असे मी अनेकदा पाहिले आहे. आपण ती सुरू ठेवावी, तंबाखू किंवा बिडी असल्यास सोडावी, आणि चालताना पूर्वी न येणारा छातीतील दाब आता येऊ लागला तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत न थांबता दाखवावे.